समजा

समजा, रेडिएटरमध्ये दहा लिटर द्रावण आहे.
शेकडा वीस अँटीफ्रीझ, बाकी पाणी.
किती काढून टाकलं
आणि तेवढंच शुद्ध ओतलं,
तर निम्मंनिम्मं होईल?

ओरुरो, जून महिना, रात्रीची शाळा.
अकरा प्रौढ, नऊ बाकं,
एक हीटर, जो स्वतःपुरताच तापतो.

"समजायचं कशाला?" निकासिया म्हणते,
"गाडी बाहेर उभी आहे."
आहेच. निळी मिनीबस,
एक दिवा चिकटपट्टीनं बांधलेला.
दिवसभर स्टेशन ते बाजार, बाजार ते दफनभूमी,
आणि रात्री हे, कारण दाखल्याशिवाय
संघटना मोठी गाडी देत नाही.

काढायच्या लिटरांना आपण क्ष म्हणू, मी म्हणते.
खाणीतून सुटलेला एउलोहियो मागून खोकतो:
"ओळख नसताना नाव ठेवू नये, बाई."
सगळे हसतात. हसण्याची वाफ दिसते.

दहातून क्ष गेले.
उरलेल्याचा पाचवा हिस्सा,
त्यात क्ष मिळवले, बरोबर पाच.
"पावणेचार," निकासिया, सगळ्यांच्या आधी.
ताळा जुळतो. मी फडकं उचलते.

"थांबा. काढलेलं गेलं कुठे?"

मी फळ्याकडे बघते.
बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे नाही,
पलीकडे नाही.
वीस वर्षं शिकवते आहे.
किती पावणेचार लिटर
मी असेच गटारात सोडून दिले असतील.

दुसऱ्या रात्री ती तिकिटांच्या पाठीवर
स्वतःचं गणित लिहून आणते.
दीर सबिनो, त्याचा ट्रक,
पंधरा लिटर, नुसतं पाणी.
पावणेचार काढून रस्त्यावर ओतलं
(सकाळी तिथे पोरं घसरत होती),
आणि माझं काढलेलं, हिरवट, डब्यातलं,
त्याच्या गाडीत घातलं.
तर आता त्याच्यात किती?

पावणेचारचा पाचवा हिस्सा, पाऊण.
पंधरात पाऊण.
शेकडा पाच, एउलोहियो बोटांवर मोजतो,
दोन बोटं खाणीत राहिली तरी हिशोब चुकत नाही.

"पाचानं काय होतं, बाई?"
मला माहीत आहे काय होतं.
एखाद-दोन अंश.
बाहेर उणे अकरा आहे.
हे मी फळ्यावर लिहीत नाही.

"म्हणून मी रात्री
त्याच्या इंजिनावर आमच्या म्हाताऱ्याचा पोंचो टाकला,"
निकासिया म्हणते, "दुहेरी घडी घालून.
सकाळी सुरू झाला. तिसऱ्या झटक्याला, पण झाला.
तर पोंचोचे किती टक्के धरायचे?"

अकरा वह्या उघड्या.
खडू माझ्या बोटांत गार.

समजा, मी म्हणते,

आणि पुढचं सुचत नाही.