एकोणीस टक्के

जांबोटीत सकाळी दहालाच लाईट गेली.
हेस्कॉमला फोन लावला, पलीकडचा म्हणाला,
'लाइन मेल मर बिद्दैति',
म्हणजे तारेवर झाड पडलंय,
म्हणजे आता रात्रच.

खडेबाजारात हा लॅपटॉप जुना घेतला तेव्हा
दस्तगीरनं बजावलं होतं:
ऐंशीच्या वर चढवू नको गे, विसाच्या खाली उतरवू नको,
गादीवर ठेवू नको, तापला की लवकर म्हातारा होतो.
मी काय ऐकते! रात्र रात्र वायर लावून झोपायची.
आता तो शंभर म्हणतो
आणि त्याचे शंभर म्हणजे पाऊण तास.

आज तर एकोणीसच.
आणि समोर बाकावर हब्बनहट्टीच्या चांगुणाबाई घाडी,
पदरात रेशनकार्ड.
कार्डावर त्यांची चंगव्वा झालीय.
नाडकचेरीतले साहेब गुरुवारीच येतात,
आज गुरुवार.

सेटिंग उघडलं. सगळं कन्नडात,
आधीच्या मालकाचं. अक्षर अक्षर लावत गेले,
शाळेतल्या तिसऱ्या भाषेसारखी:
ब्याटरी उळिताय. बचत. हां, हेच.
उजेड खाली ओढला, अजून खाली,
पडदा आमसुलाच्या सालीसारखा झाला.
वायफाय बंद. ब्लूटूथ बंद. माऊस उपटला.
मग कोण किती खातंय त्याची यादी निघाली.
सगळ्यात वरती बेंगळुरूचं हवामान!
इतके दिवस मी त्याला पोसत होते,
दिसतसुद्धा नव्हतं कुठं.
त्याला बंद केलं. भावाचा तो क्रिकेटचा गेमही.
आणि एक मिनिट हात लागला नाही
तर पडदा मिटू दे, असं ठरवून टाकलं.

'नवऱ्याचं नाव?'
चांगुणाबाई लाजल्या, नातवाला हाक मारली,
नातू बसस्टँडवर,
तेवढ्यात काळोख.
'मेला गे?'
'नाही, झोपलाय. बोट लावा.'
'मी?'

काजूच्या चिकानं काळी झालेली, साल गेलेली बोटं.
रेशन दुकानातल्या मशीनला ती ओळखू येत नाहीत,
दर महिन्याला पुसा, धुवा, परत ठेवा.
इथं नुसती टेकवली
आणि पडदा उघडला.
त्या माझ्याकडं बघत राहिल्या.
मग मी विचारत गेले, टाइप करत गेले,
आणि त्या मधे मधे बोट लावत राहिल्या,
गरज नसताना पण.

अकरा. नऊ.
च ला काना द्यायचा, त्यावर टिंब.
सात टक्क्यांवर त्यानं लाल डोळा दाखवला.
सेव्ह केलं, पेनड्राइव्ह घेतला,
जनरेटरवाल्या झेरॉक्सपर्यंत दोघी
चिखलातनं पळालो म्हणायला हरकत नाही.

पाचला पाच कमी असताना पावती मिळाली.
चांगुणा बरोबर आली, काना टिंबासकट.
घाडीची मात्र गाडी झाली होती.
त्या बाहेर पायरीवर बसून हसल्या,
'बरं झालं की, एसटी चुकली तरी
गाडी हाय आता.'

पावणेनऊला लाईट आली.
वायर लावली, शेजारी बसून जेवले.
ऐंशीला उठून खरकट्या हातानंच काढली.
पुढचा गुरुवार अजून सात दिवस लांब.