गोळी बोलते का

डबा आधी हलवायचा. दोन मिनिटं, घड्याळ लावून.
दाजीबा म्हणायचे, गोळी बोलल्याशिवाय बोट लावू नकोस.

नई सडकेवर आमचं कूलरचं दुकान.
एप्रिल लागला की लोखंडी पेट्या फुटपाथवर रांगेनं,
मागच्या वर्षीचा गंज अंगावर घेऊन,
आणि आत, खणात, टॉवेलात गुंडाळलेला
चांदी रंगाचा एकच डबा.
परदेशातला. कुणाच्या तरी जावयाबरोबर आलेला.

मग इथलेही यायला लागले.
टोपण निळं, म्हणून आत निळाच निघेल असं नव्हतं.
पागनिसांच्या कूलरला एकदा तपकिरी बसला,
ते पुढचे तीन उन्हाळे बिलातून पाच रुपये कापत राहिले.
नोझल तुंबलं की डबा उलटा धरून वारा सोडायचा,
तरी नाही, तर आईच्या पदराची पिन.
वास असा की रात्रीच्या वरणालाही रंगाची चव.

पण हात गार व्हायचा.
बाहेर सेहेचाळीस, लू किल्ल्यावरून उतरून थेट दुकानात,
आणि फवारताना पत्रा बोटांखाली गारठत जायचा,
दव धरायचं त्यावर.
अर्ध्या लश्करचे कूलर रंगवले मी.
खरा कूलर मुठीत होता.
डब्यावर छापलेलं : पन्नास अंशांच्या आत ठेवा.
दाजीबांनी ते वाचून नुसतं आभाळाकडे बघितलं.

रिकामा डबा मी फोडायचो, गोळीसाठी.
काचेचा कंचा निघायचा, रंगानं आंधळा झालेला.
रात्रभर टर्पेंटाइनमध्ये ठेवला की
सकाळी हिरवा डोळा उघडायचा.
कधीतरी कंचे संपले, स्टीलचे छर्रे निघू लागले.
खेळायचं वयही तोवर संपलं होतं.

आता डबे भिंतभर.
शिसं काढलंय म्हणे, आभाळाला भोक पाडणारा वायूही.
नोझल पुडीत मिळतात, शर्टाच्या बटणांसारखी.
केसाएवढी रेघ हवी की तळहाताएवढा ढग, तुम्ही सांगा.
कूलर मात्र प्लास्टिकचे झाले.
त्यांना गंज नाही, म्हणून माझी गरज नाही.

परवा पागनिसांची नात आली, शाल्मली.
एक काळा द्या, कमी दाबाचा. आणि काका,
लोहचुंबक आहे का?
कशाला गं?
बुडाला लावायचं. गोळी चिकटून बसते.
रात्री गल्लीत आवाज नको.

फुटक्या स्पीकरमधला काढून दिला.
तिनं डबा खळखळ हलवला, पुरेसा, दाजीबांना पटला असता इतका,
मग चुंबक लावलं.
मी कानाशी धरून पाहिला. गप्प.
पाच रुपये कमी घेतले. का, ते तिला ठाऊक नाही.

रात्री कान देऊन पडलो होतो.
गल्लीत काहीच वाजत नव्हतं.
म्हणजे काम सुरू असणार.