तीन मायक्रॉन

घाटीच्या दुसऱ्या मजल्यावर
मेणात बसवलेला एक तुकडा मी कापते.
शेवयीच्या चुऱ्याएवढा.
सय्यद मगदूम, वय अठ्ठावन्न, तालुका पाथरी.
व्यवसायाच्या रकान्यात कुणीतरी लिहिलंय : पाटकरी.

म्हणजे डाव्या कालव्याच्या चाऱ्यांवर
कुणाचं दार कधी उघडायचं, किती बोटं,
हे ठरवत सायकलवर फिरणारा माणूस.

त्याच्या आतही पाटकरीच होते, लाखोंनी,
नळीच्या काठाला खांद्याला खांदा लावून बसलेले.
रोज एकशे ऐंशी लिटर त्यांच्यापुढून वाहायचं
आणि लिटर-दीड लिटर सोडून
सगळं ते रक्ताला परत द्यायचे,
मीठ तोलून, साखर कणकण वेचून.
एवढा चोख हिशेब
आमच्या कुठल्या धरणाला जमला नाही.

मग गुडघ्यांसाठी गोळ्या आल्या,
मेडिकलवाल्यानं कागदात बांधून दिलेल्या. सात वर्षं.
एप्रिलची उन्हं, आणि बाटलीच्या तळाशी उरलेलं घोटभर.

भिंगाखाली बघते. पेशींची झालर झडलीये.
शिकताना ऐकलं होतं, या पेशी बिचाऱ्या :
आग बाहेरून येते, या नुसत्या जळतात.
इथे तसं दिसत नाही.
जखमी पेशी मेली नाही, ती हाळी देत राहिली.
रेणूंच्या चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या :
या, इकडे फुटलंय, या.
आणि आले, पांढऱ्या पेशींचे जथे,
मदतीलाच आले,
दोन नळ्यांमधल्या चिंचोळ्या बांधावर मावेनात.
त्या रेट्यात शेजारची धड पेशी दुखावली,
तीही ओरडू लागली.
मागून गवंडी आले
आणि जिथे पाझरायला हवं
तिथे लिंपून गेले.

त्या दिवशी खिडकीशी येऊन ते म्हणाले,
"कामून झालं बाई हे? भायेरचं काही शिरलं का?"
मी म्हटलं, रिपोर्ट डॉक्टर सांगतील.
नियमच आहे तसा.

नाहीतर काय सांगणार होते?
की मगदूमभाई, तुमच्याच माणसांनी हाक मारली,
आणि मारायलाच हवी होती,
फक्त पुरे म्हणायला कुणी उरलं नाही?

स्लाइडच्या उजव्या कडेला
एक नळी अजून शाबूत आहे. झालर गडद गुलाबी.
तिथल्या पेशी गप्प, कामात.
मी तिच्या बाजूला शाईचा ठिपका ठेवते.
फॉर्मात त्याच्यासाठी रकाना नाही.