नंतर आठवण करा

इर्शाद टेबलाखाली, निम्मा आत, निम्मा बाहेर.
कॅबिनेटमधून मूठभर धूळ काढून म्हणतो,
"भूपालअण्णा, मशीन अजून ठणठणीत हाय.
रॅम वाढवू, हार्डडिस्क बदलू, नवी विंडोज टाकू.
चार हजारात म्हातारं पळाय लागंल."

पळून जायचं कुठं, मी विचारत नाही.
आष्ट्याच्या स्टँडमागं दहा बाय आठचा गाळा,
सन्मती ग्राफिक्स, शेजारी रसवंतीची घुंगरं.

रोज सकाळी पडद्यावर पाटी येते :
तुमच्या सिस्टिमला आता आधार मिळणार नाही.
मी 'नंतर आठवण करा' दाबतो.
डॉक्टरनं गुडघ्याचं सांगितलं
तेव्हाही हेच दाबलं होतं.

"आणि डोंगल?"
इर्शाद गप्प.
मागच्या जुन्या पोर्टात बसलेला हिरवा तुकडा,
पेरूच्या फोडीएवढा.
तो असला तरच माझे फॉन्ट उघडतात.
नवी विंडोज त्याला ओळख देणार नाही.
कंपनीला फोन लावला, तर उचलणाऱ्या बाई म्हणाल्या,
इथं आता स्पर्धा परीक्षेचा क्लास आहे.

त्यानं माझी एक फाईल त्याच्या लॅपटॉपवर उघडली.
'आमचे येथे श्रीकृपेकरून' होतं तिथं
डॉलर, अर्धविराम, उलटं प्रश्नचिन्ह,
मध्येच एक टोपी घातलेला ए.
मांडव भरलाय
आणि कुणालाच मराठी येत नाही.

अशा अकरा हजार फायली.
लग्न, त्याच घरचं बारसं, वास्तुशांत,
मग काळी चौकट.
नावं बदलत गेलो. 'आपले नम्र' तेवढं तसंच राहिलं.

"रोज धा फायली युनिकोडात घेऊ," इर्शाद म्हणतो.
दोघांनी मनातल्या मनात भागलं.
तीन वर्षं.
तो पंचविशीचा, मी त्रेसष्टचा,
उत्तर एकच आलं.
तो हसला.

तेवढ्यात बागणीची एक बाई दारात.
लग्नाची नोंद करायचीय, पत्रिका मागतायत,
घरातली एकोणीसच्या पुरात गेली.
"तुमच्याकडंच छापल्याली. अकराचा मे."

खोत-थोरात-फायनल-फायनल-दोन.
उघडायला चार मिनिटं. पंखा गिरणीसारखा घुमला.
इर्शादनं घड्याळात बघितलं, बोलला नाही.

कागद बाहेर आला. बाईंनी बोट ठेवून वाचला,
एका जागी बोट थांबलं.
"वैजंता. तवा बी आसंच झाल्तं.
आबांनी साडेतीनशे पत्रिकांवर
काळ्या पेनानं य घातला, रातभर बसून.
तुमास्नी बोलू नका म्हणाले,
पोरगं नवीन हाय, हात थरथरंल."

मी तेव्हाही पोरगं नव्हतो.
चष्मा काढला, पुसला, घातला.

ज आणि अनुस्वार यांच्या मध्ये कर्सर नेऊन ठेवला.
य.
शिरोरेषा एक केसभर सरकली
आणि नाव जागेवर बसलं.

यंत्रानं विचारलं, बदल साठवायचे का?
टेबलाखालून इर्शादनंही त्याच वेळी विचारलं,
"मग अण्णा, टाकू का?"

मी हो दाबलं.
"तुला नाही म्हटलं," मी इर्शादला म्हणालो,
"थांब. आधी ह्यांची प्रिंट निघू दे."