बाहेरचं युनिट

विचिटात सकाळी आठलाच नव्वदच्या पुढे होतं तपमान.
लाइल हास्कँप आला, त्याच्याबरोबर एझ्रा,
एकोणीसचा असेल, मानेवर कालच्या उन्हाचा लाल पट्टा.
जुनं धूड दोघांनी बाजूला ओढलं
तेव्हा जाळीतून जूनचा सगळा कापूस निघाला,
कॉटनवूडचा. सावरीसारखाच,
फक्त मळकट, घोंगडीसारखा दाबून बसलेला.
"श्वासच घेता येत नव्हता हिला," लाइल म्हणाला.
इथे यंत्र बाई असतं.

खाली एक बेडूक होता.
कोण जाणे त्या सावलीतला कितव्या पिढीचा.
एझ्राने हातमोज्यात उचलून त्याला नळापाशी नेऊन ठेवलं.

जुना चौथरा एका अंगाला खचलेला.
तो उकरला, खडी ओतली, धुमसाने ठोकली,
वर नवी लादी, आणि लादीवर पाणसळ.
मी विमानाच्या कारखान्यात पंखांची रिव्हेटं तपासते,
केसाएवढा फरक डोळ्याला टोचतो.
बुडबुडा मधोमध नव्हता. मी दाखवलं.
"मुद्दाम," तो म्हणाला,
"घरापासून जरा उतार लागतो. पाणी पायात यायला नको."
मी गप्प.
सपाट आणि बरोबर यांत पाव इंचाचं अंतर असतं
हे मला कामावर कुणी शिकवलं नव्हतं.

तांब्याच्या दोन नळ्या, एक जाड, एक करंगळीएवढी,
जाडीला काळ्या स्पंजाचं अंगडं.
जोड तापवण्याआधी आत नायट्रोजन सोडला, अगदी हळू.
"म्हणजे आतून काजळी धरत नाही," एझ्राने सांगितलं,
पाढा म्हणून दाखवावा तसं.
लाइलने टॉर्च त्याच्या हातात दिला आणि
स्वतः मुद्दाम दुसरीकडे बघत राहिला.
तांबं डाळिंबी झालं. सळई टेकली मात्र,
धातू गोल फिरून फटीत शिरला, वाट ठाऊक असल्यासारखा.

मग पंप. नळ्यांतली हवा उपसायची,
हवेतला ओलावाही.
आकडे उतरत गेले: नऊ हजार, दोन हजार, चारशे.
पंप बंद.
आता नुसतं बसायचं आणि बघायचं
रितेपण टिकतं का.
अर्धा तास, तिघं गॅरेजच्या सावलीत.
मी कोकम सरबत दिलं. लाइलने विचारलं, यात मीठ आहे?
आणि पेला पुन्हा पुढे केला.
चारशे दहा. चारशे वीस.
चारशे वीसच.

ॲलन की फिरली, वायू फुसकारत आत शिरला,
आणि तेवढ्यात मला ती खिडकी दिसली.
विल्डा प्रॉक्टरची, झोपायच्या खोलीची.
फळकुटाच्या टेकूवर उघडी, आत टेबलफॅन.
लाइल हत्यारं गोळा करता करता सांगत होता,
हे काही थंडी बनवत नाही. थंडी कुणालाच बनवता येत नाही.
घरातली उष्णता उचलायची, बाहेर नेऊन टाकायची, बस.
बाहेर म्हणजे विल्डाच्या खिडकीपासून नऊ फुटांवर.
वारा दक्षिणेचा. तिच्याकडेच जाणारा.

खट्‌ झालं, पंखा फिरला.
कुकरच्या शिट्या, इस्त्रीची धग,
रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या श्रीधरच्या अंगाची ऊब,
सगळं वर निघालं.
मी हात धरला. मोठ्या जनावराचा उच्छ्वास.

सहाला विल्डा कुंपणाशी आली.
मी इंग्रजीत माफीची जुळवाजुळव करत होते,
तिच्या हातात ओल्या फडक्यांची टोपली.
"गरम येतो ना वारा?"
चार फडकी तिने फळ्यांवर टाकली,
चिमटा दातांत धरूनच म्हणाली, जुनं फार खडखडायचं.
एक चिमटा माझ्या बाजूला पडला.
मी उचलून दिला.

रात्री घर गार पडलं. श्रीधरने पांघरूण मागितलं.
तिची खिडकी उघडी होती की लावलेली,
मी पडदा सारून पाहिलं नाही.