एकतीस दिवे

समुद्रसपाटीच्या दीड मीटर खाली
माझं पंपघर, माझी किटली, माझी रात्रपाळी.
भिंतीवर एकतीस दिव्यांची पट्टी,
वडिलांनी स्वतः जोडलेली.
घड्याळानं मोजलेला एकेक सेकंद
लागलेल्या-विझलेल्या दिव्यांत दिसतो.

उजव्या टोकाचा सारखा डोळे मिचकावतो.
डाव्या टोकाचा लागला
दोन हजार चारच्या जानेवारीत, शनिवारी दुपारी.
वडील गुलाबी साखरेचा केक घेऊन आले होते.
म्हणाले, सित्स्के, हा आता विझायचा नाही,
सगळे लागेपर्यंत.

सगळे लागतील तेव्हा
दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख
त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.
कालव्यात पाणी शांत असलं
की मी हिला भागत बसते.

अंकांची बेरीज सेहेचाळीस, म्हणजे तीन बाद.
सातनं भागलं, बाकी एक.
अकरानं, पुन्हा एक.
तेरानं, दहा.
खुद्द एकतीसनं भागलं, तरी एक.
वडील म्हणायचे, सगळी दारं वाजवू नकोस,
एकपासून बासष्ट-बासष्टच्या ढांगा टाक,
कुणी असलंच तर त्याच वाटेवर असेल.
आणि सेहेचाळीस हजार तीनशे चाळीसला थांब.
जोडीतला धाकटा त्याच्या अलीकडेच सापडतो.

थांबले. कुणी नव्हतं.

अकरा दिव्यांचंही मला असंच वाटलं होतं.
अकरा अभंग, म्हणून दोन हजार सत्तेचाळीसही अभंग.
तेवीसनं तिचे निमूट एकोणनव्वद भाग पाडले.
त्या रात्री मी चहात मीठ घातलं.

वसंतात नवं यंत्र येतंय, त्रेसष्ट दिव्यांच्या ऐपतीचं.
त्रेसष्ट म्हणजे नऊ साते,
त्याच्या शेवटच्या सेकंदाला सातनं सरळ भाग जातो.
बसवायला आलेल्या पोराला मी हे सांगितलं.
तो म्हणाला, तोवर सूर्यसुद्धा नसेल, बाई.
खरंय. पण भाग जातो.

जुनी पट्टी मी ठेवून घेणार आहे.
पंपाशी संबंध नाही, नुसती बॅटरीवर.
दोन हजार अडतीस, जानेवारीची एकोणीस, मंगळवार,
पहाटे सव्वाचारला काही सेकंद कमी असताना
एकतीसच्या एकतीस लागतील,
शून्याला कुठेच थारा नाही,
फक्त एक सेकंद.

मग सगळे एकदम विझतील.
घड्याळाला पुढे जागा नाही,
ते उणे होऊन मागं पडेल
एकोणीसशे एकच्या डिसेंबरात, एका शुक्रवारी रात्री,
जिथं माझे पणजोबा च्येर्द
पवनचक्कीच्या शिडांवरचं बर्फ झाडतायत.

अंधारात ते दार ढकलून आत येतील,
लाकडी बूट उंबऱ्यावर आपटतील
आणि नाव-गाव न विचारता विचारतील,
पाणी कुठवर आलंय?

मी खिडकीतून खुणेच्या खांबाकडे बघेन.
होतं तिथंच, म्हणेन.
बोटभर खाली.