सुंभाचं माप

कुडाळच्या दुकानात पिशवीतून सुंभ काढला,
काउंटरवर सरळ करून ठेवला.
त्याला दोन गाठी. गाठीपासून गाठीपर्यंत
आमचा आईन, बुंध्याशी, साल सोडून.

इनासने टेप लावला नाही.
सुंभ बोटांत मळला, नाकाशी नेला.
"कधी मोजलंस ह्यां?"
परवा. पाऊस होता.
"तेवा सुंभ आखडलेलो. आता सुकलो, लांब झालो.
झाड तुझ्या घराक पडलेलां आसा,
नि वाढलां माझ्या दुकानात."
पोरं हसली. मीही हसलो, उशिरा.

भिंतीवर यंत्रं टांगलेली. मी हलक्याकडे बोट केलं.
"पन्नास सीसी. माडाक चलात, आंब्याच्या फांद्यांक चलात.
आईन चिरूक घेशीत तर अर्ध्यात रडात."

आडवं कापणं वेगळं. उभं चिरणं वेगळं.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
खड्ड्यावर ओंडका, वर बाबा, खाली कुशा काका
डोक्याला ओला पंचा गुंडाळून,
मध्ये करवत, येते-जाते, येते-जाते,
दिवसाला एक फळी, बरी लागली तर दीड.
वरच्याने रेघ बघायची, खालच्याने भुसा खायचा.
काकाच्या पापण्या संध्याकाळी आईनाच्या रंगाच्या.
तो म्हणायचा, आडवं लाकूड तुटतं रे,
उभं लाकूड हुज्जत घालतं.

"तर नव्वद सीसी," इनास म्हणाला,
"नि पाता छत्तीसचा. त्यातले चार इंच चौकटच खाता,
उरले बत्तीस. साखळीचे दात दहा अंशांर घासून देतंय.
तेलात कंजुषी करू नको, पाता जळतला."
मग ते खाली काढलं आणि माझ्या हातांत दिलं.
भरल्या कळशीएवढं.
"आता ह्यां धरून गुडघ्यार आठ फूट चल."
मी दुकानातच चाललो, खताच्या गोणीपर्यंत.
किंमत विचारली तेव्हा
माझ्या होडीचं इंजिन आठवलं, त्याचे अजून सात हप्ते.

आईन वादळात आपणहून पडला,
वनखात्याचा हातोडा त्याच्यावर बसलाय, कागद आहे.
गिरणीवाला म्हणतो रस्त्यावर आणून दे.
रस्ता खाली, आईन वर, मध्ये कातळ
आणि जयवंतीची कोंबडी.

फळी जयवंतीलाच हवी आहे.
आठ फूट, एकच, सांधा नको.
सांध्यात रक्त मुरतं, म्हणते,
मग कितीही पाणी मारा, गिऱ्हाईक नाक धरतं.
एकवीस वर्षं ती बंदरावर फरशीवर वाकून सुरमई कापते.
आता उभं राहून कापायचं म्हणते.
एवढंच. मी तिला दोन फळ्या जोडून देतो म्हटलं होतं,
तर तिने कोयता खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी घरी आलो, सरळ उतारावर गेलो.
ऊन होतं. सुंभ कोरडा, आईनही कोरडा,
साल मगरीच्या पाठीसारखी तडकलेली.
गाठ कडेला लावली, ताणला.
दुसरी गाठ पलीकडे लोंबली. दोन बोटं.
पोलादी टेप शेजारच्या बाबलकडून आणला,
तीनदा मोजलं.
एकतीस आणि थोडं.

इनासला फोन लावला.
"एकतीस? मगे छत्तीसचो पाता पुरात," तो म्हणाला,
"पण नव्वदच घे. पाता लांब नि दम कमी,
ह्यां म्हणजे आमच्या सरपंचासारखां."
मी हो म्हणालो. अर्धे आत्ता, अर्धे नारळी पुनवेनंतर.
फोन ठेवल्यावर पोटात खड्डा पडला,
तोच जुना, करवतीखालचा.

जयवंती मागे येऊन उभी होती.
कापलेल्या बुंध्यावर तळवा ठेवून
तिने एका कडेपासून दुसरीपर्यंत हात फिरवला,
मध्ये कुठेच थांबला नाही.
"खाली कोण बसतला?" तिने विचारलं.
यंत्राला खाली कुणी लागत नाही, मी म्हणालो.
ती काही बोलली नाही.
जमिनीवरचा सुंभ उचलला, दाताने गाठी सोडल्या,
आणि चुडतांची मोळी बांधून
घराकडे उतरली.